निरोगी पुरुष, वय तीस

"वरचा निरोगी डोळा, खालचा तुमचा." साहेबांनी कागद टेबलावर फिरवला आणि फोटोताईंच्या पुढ्यात सरकवला. "फरक तुम्हीच बघा. मी काही बोलत नाही."

कागदावर दोन वर्तुळं होती. वरचं एकसारखं करडं, साय धरलेल्या दुधासारखं शांत. खालच्याच्या मधोमध तीन काळे डाग होते, एकमेकांना टेकायच्या बेतात असलेले, आणि डागांभोवती पांढरट चकाकणारी कड. कुणीतरी कागदावर तीन वेळा सिगारेट विझवावी तसं.

ताईंनी कागद जवळ घेतला, मग लांब धरला, मग जरासा तिरका.

"दोन्ही माझेच आहेत," त्या म्हणाल्या.

"दोन्ही नाहीत हो. खालचा तुमचा. वरचा नमुना आहे."

"नमुना माझाच आहे."

साहेबांनी शांत राहायचं प्रशिक्षण घेतलं होतं. त्यांनी चहाचा कप उचलला आणि एक घोट घेतला.

"तोही," ताई म्हणाल्या.

"काय तोही?"

"कपावरचा डोळा. तोही माझाच. तुम्ही आत्ता त्याला ओठ लावलेत."

साहेबांनी कप खाली ठेवला आणि डोळा भिंतीकडे करून ठेवला. मग त्यांनी कागदावरची शेवटची ओळ मोठ्यांदा वाचून दाखवली, कारण पुढे वाद झाला तर वाचून दाखवली होती असं म्हणता यायला हवं. "दोष नोकरीपूर्वीचा असावा. रुजू होताना लपवण्यात आला. कॅमेऱ्यावरून तळघरातल्या फाईल विभागात बदली."

"लपवला?"

"तुमच्या रुजू होतानाच्या फॉर्मवर 'पडदा' या रकान्यात काही लिहिलेलं नाही."

"कारण तेव्हा पडद्याचा हा कॅमेराच नव्हता. तपासणार कशानं? बॅटरीनं?"

"तपासलं नाही म्हणजे दोष नव्हता असं सिद्ध होत नाही," साहेब म्हणाले. "सिद्ध होत नाही म्हणजे असू शकतो. असू शकतो आणि तुम्ही सांगितला नाही, म्हणजे लपवला. हरकत असेल तर सात दिवसांत पुराव्यासह."

डोळे अधू म्हणून माणसाला कॅमेऱ्यावरून उठवायचं आणि जिथे एक ट्यूबलाईट मिचमिचते त्या तळघरात मुंगीएवढ्या अक्षरांच्या फायली शोधायला बसवायचं, हे कुणाच्या डोक्यातून निघालं हे विचारायलाही ताई थांबल्या नाहीत. त्यांच्या डोक्यात एकच शब्द घण घालत होता. लपवला.

*

डोळ्यांच्या या इस्पितळात ताईंची चोवीस वर्षं गेली. पहिली दोन साध्या कॅमेऱ्यावर, पुढची बावीस या निळ्या उजेडाच्या मशीनवर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात होतं आणि तिथेच राहिलं. बाकी सगळ्यांसाठी त्या फोटोताई.

पडदा म्हणजे काय ते ताई पेशंटला जसं सांगायच्या तसंच सांगितलेलं बरं, कारण डॉक्टरांनी सांगितलेलं पेशंट दाराबाहेर जाईपर्यंत विसरतो.

"हे बघा काका," त्या म्हणायच्या, "डोळ्याच्या मागच्या पडद्यात उजेड टिपणाऱ्या बारीक कांड्या असतात. उजेड टिपून टिपून त्यांची टोकं झिजतात आणि रोज सकाळी झडतात. ते झडलेलं उचलायला मागे पेशींचा एक थर बसलेला असतो. पडलेलं खायचं आणि पचवायचं, एवढंच त्यांचं काम. जन्मताना मिळाल्या तेवढ्याच पेशी. नवी भरती नाही, बदली नाही, रजा नाही."

"आमच्या खात्यासारखं," एकदा एक निवृत्त पोस्टमनकाका म्हणाले होते.

"तसंच. आता त्या सगळं पचवतात, पण थोडंसं काही पचत नाही. दिसायला जे जीवनसत्त्व लागतं ना, त्याच्याच तुकड्यांच्या गाठी होतात. त्या काही फुटत नाहीत. मग त्या पेशीतच साठत जातात, कण कण. मी निळा उजेड टाकला की ते कण चमकतात. माझा कॅमेरा तेच बघतो."

"म्हणजे चमकतं ते चांगलं?"

"थोडं चमकलं तर चालतं. सगळ्यांचंच चमकतं. फार चमकलं म्हणजे पेशी गळ्यापर्यंत भरली. आणि एक दिवस ती मेली की चमकही जाते. तिथे काळं दिसतं."

पोस्टमनकाकांनी विचार केला. "म्हणजे दिवा जास्त पेटला तर आजारी आणि विझला तर मेलेला. मग ठणठणीत कोण?"

"ज्याच्याकडे बघावंसं वाटत नाही तो," ताई म्हणाल्या. "हनुवटी इथे टेकवा."

पुस्तकात या कणांना वयाचं रंगद्रव्य म्हणतात. काही पुस्तकांत सरळ कचरा म्हटलंय, आणि तो शब्द ऐकला की ताईंचं पित्त खवळायचं. एखाद्या बाईनं जन्मभर दुसऱ्यांची खरकटी भांडी घासली तर तिच्या हातांना पडलेल्या भेगांना काय कचरा म्हणायचं? पुस्तक लिहिणाऱ्यानं आयुष्यात एक ताटली घासली नसणार, एवढं मात्र त्या शब्दावरून कळतं.

आता त्यांचा डोळा नमुना कसा झाला, ते. मशीन आलं तेव्हा सोबत एक तबकडी होती. रोज सकाळी पहिला फोटो तबकडीचा काढायचा आणि मशीन ठीक आहे ना ते बघायचं. ती तबकडी पहिल्याच आठवड्यात मोठ्या डॉक्टरांच्या कोपरानं पडली आणि फुटली. ताईंनी नवीन मागवायचा अर्ज केला. अर्ज विचाराधीन आहे. बावीस वर्षं झाली.

पण मशीन तर रोज तपासायला हवं. म्हणून ताई रोज सकाळी पेशंटच्या खुर्चीत बसायच्या, हनुवटी टेकवायच्या, डावा हात मशीनला वळसा घालून मागे न्यायच्या आणि चाचपडत बटण दाबायच्या. थेंब घालणारी सिस्टर दारातून म्हणायची, "अंडं द्यायला बसलीयस की काय गं?" फोटो यायचा. नावाच्या चौकटीत ताई 'चाचणी' असं लिहायच्या, साठवायच्या आणि पहिल्या पेशंटला हाक मारायच्या.

पहिल्याच महिन्यात मोठे डॉक्टर धावत आले. दुपारी भाषण होतं आणि दाखवायला निरोगी पडदा नव्हता. त्यांनी 'चाचणी'तला एक उचलला आणि खाली लिहिलं: निरोगी पुरुष, वय तीस. ताई तेव्हा पस्तिशीच्या होत्या आणि पुरुष तर कधीच नव्हत्या. पण पाहुण्यांना पडदा पुरुषाचा असला की बरं वाटतं, असा डॉक्टरांचा अनुभव होता. भाषण गाजलं. फोटो पुस्तकात गेला, मग व्हरांड्यातल्या मोठ्या फ्रेममध्ये, फाईलच्या वेष्टनावर आणि शेवटी कपावर. मशीनमध्ये तुलनेची सोय आली तेव्हा तोच नमुना म्हणून आत बसला. यंदा नियम निघाला की डोळ्यांच्या इस्पितळातल्या माणसांचे डोळेही तपासावेत, आणि मशीननं ताईंची ताईंशी तुलना करून ताईंना नापास केलं.

*

"निरोगी पुरुष?" घरी नवऱ्यानं कागद वाचून विचारलं. ते घड्याळं दुरुस्त करायचे, आणि कुठलीही गोष्ट ऐकली की आधी तिचं झाकण उघडायचे. "वय तीस? म्हणजे अगं, इतकी वर्षं मी कुणाबरोबर संसार केला?"

ताईंना हसू आलं आणि त्या हसण्याचाच राग आला. "चेष्टा सुचतेय तुम्हाला. त्यांनी 'लपवला' लिहिलंय."

"तीन वर्षं राहिली तुझी. तळघर तर तळघर. ऊन तरी लागणार नाही."

"तळघराचं कोण बोलतंय? मला माहीत नाही का, या डोळ्यानं खुर्ची कधीतरी सोडायचीच आहे? रोज बघत होते मी. चार वर्षांपूर्वी पहिला डाग आला, मोहरीएवढा. कुणी सांगायच्या आधी मला दिसला. पण मी खोटं बोलून नोकरीला लागले असं म्हणतात ते! मी!"

नवऱ्यानं कागदाची घडी घातली.

"मला तरी कुठे सांगितलंस?" ते मग म्हणाले.

ताईंनी कागद त्यांच्या हातून काढून घेतला.

"मला माहीत होतं म्हणा. पूर्वी पेपर माझ्या हातातून ओढून घ्यायचीस. दोन वर्षं झाली, म्हणतेस, वाचा हो तुम्हीच, मला काम आहे. आणि समोर बसून राहतेस. काम कुठलंय ते मी काही विचारलं नाही."

"विचारायचं होतंत."

"म्हटलं, सांगशील."

ताई उठून ओट्याशी गेल्या आणि घासलेलं भांडं पुन्हा घासू लागल्या.

*

दुसऱ्या दिवशी त्या मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. आता डॉक्टरांचे केस पांढरे झाले होते आणि कोपर अजून तसंच होतं. त्यांनी ताई बोलत असताना पेनस्टँड पाडला.

"ताई, आठवत नाही हो मला. पुस्तकात पुरुष म्हटलंय ना?"

"तुम्हीच म्हटलंय."

"मग पुरुषच असणार. छापून आलंय ते. चार आवृत्त्या निघाल्या. आता तुम्ही म्हणता तो पुरुष म्हणजे तुम्ही. उद्या मी वाचकांना काय सांगू?"

"तुमच्या वाचकांना काय सांगायचं ते तुम्ही बघा. साहेबांना तेवढं सांगा की हा डोळा मी नोकरीत असतानाचा आहे आणि तेव्हा तो धड होता."

"पुरावा?" डॉक्टर खाली वाकून पेनं गोळा करत म्हणाले. "पुरावा असेल तर मी आहेच तुमच्या बाजूला."

पुरावा नसताना बाजूला उभं राहणाऱ्या माणसाची गरज असते आणि पुरावा असला की मग त्या माणसाची गरज उरत नाही, हे ताईंनी ऐकवलं नाही. त्या सरळ आपल्या खोलीत आल्या. सिस्टर थेंबांच्या बाटल्या लावत होती.

"सिस्टर, 'चाचणी' नावाचे सगळे फोटो काढायचेत."

"सगळे म्हणजे किती?"

"रोजचा एक. बावीस वर्षं."

सिस्टरनं बाटली खाली ठेवली. "बाई गं. पुसले नसतील?"

"इथे काही पुसायचं तर अर्ज करावा लागतो."

पुसले नव्हते. सहा हजार एकशे चार होते.

*

सुनावणीला तीन माणसं होती. साहेब, मोठे डॉक्टर आणि एक गृहस्थ. हे गृहस्थ कोण ते शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही, पण मान तेच सगळ्यात जास्त हलवत होते. ताईंनी पडदे ओढले. सिस्टरनं सगळे फोटो एकापाठोपाठ एक पळतील असे लावून आणले होते.

"वर डाव्या बाजूला बघा," ताई म्हणाल्या. "ही शीर. माशाच्या गळासारखी वळलेली आहे. दुसऱ्या कुठल्या डोळ्यात अशी दिसली तर मी आत्ता राजीनामा देते. आता नमुना बघा. कपावर बघितलंत तरी चालेल. तीच शीर, तोच गळ. आता त्या गळावरून नजर हलवू नका."

सिस्टरनं बटण दाबलं.

सुरुवातीला काहीच होत नव्हतं. करडं वर्तुळ, मधे गळ. एखादा फोटो हलायचा, कारण त्या सकाळी ताईंना शिंक आली असेल. एकात पापणी आली होती. मग करड्यात हळूहळू उजेड येऊ लागला, पहाटे खिडकीच्या फटीतून येतो तसा, आला कधी ते न कळणारा. गळ जागच्या जागी. उजेड वाढला, दाट झाला, त्यात ठिपके उमटले. मधल्या दहा फोटोंत गळ नव्हताच, सिस्टरचा डोळा होता. "माझी आई गेली तेव्हाची रजा," ताई म्हणाल्या. पुन्हा गळ. मग एका ठिकाणी उजेड फार तापला आणि तिथेच मोहरीएवढं काळं पडलं. मग दुसरं. मग तिसरं. काळ्याच्या कडेच्या पेशी शेवटचं चमकत होत्या.

पाच मिनिटांत बावीस वर्षं संपली. गृहस्थांची मान हलायची थांबली होती.

"म्हणजे," साहेब सावध होत म्हणाले, "तुमचं म्हणणं, हे संस्थेमुळे झालं? कॅमेऱ्याच्या उजेडामुळे?"

"तसं सिद्ध झालेलं नाही," डॉक्टर घाईघाईनं म्हणाले.

"मी कुठे म्हटलं तसं?" ताईंचा आवाज चढला. "हे घरी बसूनही झालं असतं. पण घरी नाही झालं. इथे झालं, या खुर्चीत, तुमच्या घड्याळात हजेरी लावून. एवढंच म्हणते मी. आणि लपवलं म्हणता? रोज सकाळी साडेआठला तुमच्याच मशीनमध्ये, तुमच्याच कपाटात मी हे उघडं ठेवलंय. सहा हजार वेळा! तुमच्यापैकी एकानं एकदा तरी उघडून बघितलं? माझा डोळा तुम्ही भिंतीवर लावलात, पुस्तकात छापलात, त्यातून चहा प्यायलात, आणि त्याच्यामागे माणूस आहे का हे विचारायची वेळ आली तेव्हा म्हणालात पुरुष असेल, तिशीतला!"

सिस्टरनं उगाचच नाक ओढलं.

समितीनं अर्धा तास विचार केला आणि निर्णय दिला. दोन्ही डोळे एकाच व्यक्तीचे असल्याचं मान्य. 'लपवण्यात आला' हे शब्द वगळण्यात यावेत. त्याऐवजी 'कारण: वय' असं लिहावं. बदली कायम, सोमवारपासून. तसंच, नमुन्याची मालकीण आता निरोगी नसल्याचं उघड झाल्यामुळे नमुना रद्द. व्हरांड्यातली फ्रेम काढावी, कप मागे घ्यावेत, आणि नवा निरोगी नमुना शनिवारपर्यंत घ्यावा.

"कुणी घ्यावा?" ताईंनी विचारलं.

साहेबांनी कागदाकडे बघितलं. "फोटो तर तुम्हीच काढता."

*

शनिवारी साहेब स्वतः केस विंचरून आले. आपला डोळा निरोगी आहे याबद्दल त्यांना शंका नव्हती. ताईंनी त्यांना नीट बसवलं, हनुवटी टेकवून घेतली, फोटो काढला. पडदा खरंच चांगला होता. ताई तो नमुना म्हणून साठवायला गेल्या, तर मशीननं त्याखाली लाल अक्षरांत लिहिलं: नमुन्याशी जुळत नाही.

"हे काय?" साहेब ताडकन उठले. "मला दोष आहे?"

"नाही. मशीनला नमुना रद्द झाल्याचं अजून कुणी कळवलेलं नाही," ताई म्हणाल्या. "नमुना म्हणून साठवायचा तर ते शीर न् शीर जुळवून बघतं. ते तुमची माझ्याशी तुलना करतंय."

"मग ते बंद करा ना!"

"अर्ज करावा लागतो."

साहेबांच्या मागून लेखनिक बसला, मग लिफ्टवाला, मग भाषणाची घाई असल्यासारखे स्वतः मोठे डॉक्टर. सगळे नापास झाले. सिस्टर तोंडाला रुमाल लावून बाहेर गेली आणि बराच वेळ आलीच नाही.

सगळे गेल्यावर ताई व्हरांड्यात आल्या. फ्रेम काढलेली होती. बावीस वर्षांत भिंत पिवळट होत गेली होती हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता मधे एक चौकोन उघडा पडला होता, लावल्या दिवसाइतका पांढरा, आणि जाणारेयेणारे त्याच्याकडे बघून भिंत खराब झाली म्हणत होते.

ताई खोलीत परतल्या. आज साहेबांच्या गडबडीत सकाळची चाचणी राहून गेली होती. बाहेर बाकांवर पेशंट डोळ्यांत थेंब घालून, डोळे मिटून ओळीनं बसले होते. ताई खुर्चीत बसल्या, हनुवटी टेकवली आणि डावा हात मशीनला वळसा घालून मागे नेला. बटण बरोबर सापडलं. निळा उजेड आला आणि गेला.

फोटोत गळ होता. त्याच्याखालचे तीन डाग आता एकमेकांना टेकले होते.

मशीननं नाव विचारलं. ताईंनी 'चा' लिहिला, थोडं थांबल्या आणि खोडला. मग स्वतःचं नाव लिहिलं, वडिलांनी ठेवलेलं, आडनावासकट, एकेक कळ बोटानं चाचपत. लिहून झाल्यावर वाचून बघितलं. मधलं एक अक्षर दिसत नव्हतं. नजर इकडे केली की ते दिसायचं आणि शेजारचं जायचं.

सगळी अक्षरं तिथे होती. त्यांनी फोटो साठवला, खुर्चीची हनुवटी टेकवायची जागा पुसली आणि दारातून हाक मारली.

"चला, कोण पहिलं?"